ईएसपी असलेल्या गाडीसाठी जादा पैसे मोजावेत का?

ईएसपी, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, नेमके काय करते आणि केवळ तेवढ्यासाठी वरचे मॉडेल घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझे थोरले दाजी याच खरेदीवरून तीन वर्षे मला हिणवत आले आहेत, म्हणून लिहितो. ‘हात बसलेला असला की असली खेळणी लागत नाहीत,’ हे त्यांचे पालुपद.

परतीच्या पावसात आम्ही दोघे तुळजापूरहून सोलापूरला येत होतो. एका वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकली होती. भिजल्यावर ती कशी होते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. ती चुकवण्यासाठी मी स्टिअरिंग झटक्यात उजवीकडे ओढले आणि गाडीचा मागचा भाग डावीकडे सरकला. त्याच क्षणी पुढच्या डाव्या चाकाकडून करकर आवाज आला, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकला, पाय ॲक्सिलरेटरवर असूनही इंजिन मंदावले आणि गाडी सरळ झाली. दारावरचे हँडल दोन्ही हातांनी धरून बसलेले दाजी म्हणाले, “मी ओरडलो म्हणून सावरलास!”

वस्तुस्थिती अशी की, गाडी सावरली ती ईएसपीने. चालकाला कुठे जायचे आहे हे स्टिअरिंगचा सेन्सर सांगतो, गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे हे दुसरा सेन्सर सांगतो आणि या दोहोंचा मेळ सेकंदाला सुमारे २५ वेळा तपासला जातो. मागचा भाग फेकला गेला तर पुढच्या बाहेरच्या चाकाला आणि गाडी न वळता सरळच जाऊ लागली तर मागच्या आतल्या चाकाला ब्रेक लागतो. पेडल एकच असताना एकट्याच चाकाला ब्रेक लावायला दाजी पाय कुठे ठेवणार आहेत? १९९७ साली स्वीडनमध्ये एका मासिकाच्या चाचणीत, अडथळा चुकवताना मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली, तेव्हा स्टिअरिंगवर कोणी नवशिका नव्हता; त्यानंतर कंपनीने सस्पेन्शनमध्ये फेरफार करून त्या गाडीत ईएसपी सरसकट दिले.

तेव्हा सनरूफ सोडा, पण ईएसपी घ्याच. मात्र चिखलात गाडी रुतली तर बटण दाबून ते तात्पुरते बंद करावे, नाहीतर इंजिनाचा जोर ऐन वेळी कमी होतो. शिवाय ही यंत्रणा पकड निर्माण करत नाही, टायरमध्ये असेल तेवढीच वापरते. दाजींच्या गाडीचे मागचे दोन्ही टायर पार गोटा झाले आहेत, पण तो विषय काढला की त्यांना चहाची आठवण होते.