'निजांदे तेका, सकाळी उतरतली'

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांचा, सावंतवाडीचा. आम्ही पाच जण शाळेपासूनचे, महिन्यातून एकदा शनिवारी गोव्यात बागाला क्लबात जातो. मागच्या खेपेला एकाने दारूवर कुणीतरी दिलेली गोळी पण घेतली, गाडीत आडवा झाला आणि हलवला तरी उठेना. सगळे म्हणाले, 'निजांदे तेका, सकाळी उतरतली.' उठला तो, पण मला रात्रभर झोप नाही. आता बोललो की म्हणतात, 'तू काय आमची आवस (आई) हस?' ग्रुप सोडू का?

उत्तर : सोडू नकोस रे, त्या गाडीत त्याची काळजी करणारा तू एकटाच होतास! 'उतरतली' हे अर्धंच खरं, कारण माणूस आडवा झाला तरी पोटातली दारू रक्तात चढतच राहते, म्हणजे झोपल्यावर नशा वाढूही शकते, आणि वर गुंगीची गोळी असेल तर श्वासच मंदावतो. गोळी कसली ते तर देणाऱ्यालाही धड माहीत नसतं. हाक मारून, चिमटा काढून उठत नसेल, घशातून घरघर येत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन. तोवर कुशीवर वळवायचं, उताणा ठेवला तर उलटी श्वासनलिकेत जाते. कॉफी, लिंबू, थंड पाणी, सगळं फुकट. आणि डॉक्टरला गोळीचं सांगायचंच, लपवलं तर तो चुकीचं औषध देईल, मग बोंबला.

खरी गोची तुमच्या राउंडमध्ये आहे. प्रत्येकाने एकदा सगळ्यांना पाजायचं, पाच जण म्हणजे पाच राउंड, आणि सगळ्यात हळू पिणाऱ्याला सगळ्यात जोरात पिणाऱ्याच्या स्पीडने प्यावं लागतं, नको म्हटलं की 'काय रे, घाबरलास?' तू आपापलं बिल काढ म्हण, कंजूष म्हणतील तर म्हणू देत. (गोव्यात 18 चालतं, आपल्याकडे बिअरला 21 आणि कडक दारूला 25, म्हणजे पत्रादेवीचा नाका ओलांडलास की तू एकदम मोठा होतोस, लिव्हरला कुठे नाका कळतो.)

आणि गाडी 'कमी प्यायलेला' चालवतो ना तुमच्यात? कायद्यात 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती कळायच्या आधीच ओलांडते. एक जण अजिबात न पिणारा, तोही निघायच्या आधी घरीच ठरवायचा, दर महिन्याला पाळी बदलायची, पहिली पाळी तुझी. चावी खिशात असली की 'आवस' म्हणणारेच परतताना तुझ्या खांद्यावर मान टाकतात बघ.