स्टुटगार्टला येताना बॅगेत काय भरायचं, माझं जरा लांबलेलं उत्तर

तू विचारलंयस की ऑगस्टमध्ये स्टुटगार्टला जॉइन व्हायचंय, माणशी २३ किलोच्या दोन बॅगा आहेत, मुलगी तिसरीत आहे, तर कुकर-मिक्सर आणू की तिकडेच घेऊ, गरम कपडे पुण्यातूनच घ्यावेत का, आणि "तिथे एकटं वाटतं का हो ताई". ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. काल दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण "मुलगी तिसरीत" हे वाचलं आणि झोपच उडाली, म्हणून आज बसून लिहितेय. व्हिसा, पत्ता नोंदवणं, इन्शुरन्स यातलं काही सांगत नाही, ते सगळीकडे लिहिलेलं आहे आणि तुझी कंपनी बघेलच.

आधी स्वयंपाकघर. इथे भाड्याच्या घरात बरेचदा किचन नसतं. म्हणजे खोली असते, पण ओटा, सिंक, शेगडी काहीच नाही, भिंतीतून पाण्याचे पाइप बाहेर आलेले आणि छताला दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबतायत. आम्ही २०१६ च्या ऑगस्टमध्ये आलो तेव्हा हे माहीतच नव्हतं, पहिली रात्र मोबाइलच्या टॉर्चवर काढली आणि पुढचे दोन महिने एका इलेक्ट्रिक शेगडीवर स्वयंपाक करून भांडी बाथटबमध्ये घासली. जाहिरातीत ईबीके लिहिलेलं असेल तर किचन आहे असं समज, आणि त्यासाठी भाडं थोडं जास्त पडलं तरी दे. डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत जातं, त्यात वर किचन विकत घ्यायचं म्हणजे पहिला पगार हातात येण्याआधीच माणूस रडकुंडीला येतो.

गॅस क्वचित. काचेची सपाट शेगडी असते, एकतर साधी सिरॅमिक नाहीतर इंडक्शन. ॲल्युमिनियमचा कुकर साध्यावर चालतो, इंडक्शनवर नाही, म्हणून आणायचाच असेल तर इंडक्शन बेसचा स्टीलचा आण, तीन लिटरचा बास. गोल बुडाची कढई नको, काचेवर नुसती डुगडुगते. लोखंडी तवा आण, पण सपाट. फुलक्यासाठी जाळी आण, ती साध्या शेगडीवर छान चालते. मिक्सर जरूर आण, व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, फक्त आपली तीन पिनांची प्लग बसत नाही, इथे येऊन बदलून घे. आणि तो मिक्सर रविवारी आणि रात्री दहानंतर लावू नकोस. मी एका रविवारी सकाळी खोबऱ्याची चटणी वाटली आणि खालच्या आजी वर आल्या, हातात घराच्या नियमांचा कागद, त्यावर ओळ अधोरेखित केलेली. भांडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही, कागद हातात दिला आणि गेल्या. मला आपल्या सोसायटीतल्या भांडणांची आठवण आली, ती निदान दोन तासांत मिटायची तरी.

खाण्याचं बोलायचं तर पोहे, साबुदाणा, तूरडाळ, आटा सगळं मिळतं, त्यात किलो घालवू नकोस. गोडा मसाला, आमसुलं, भाजणी, मेतकूट हे आण. तूप, पेढे, बर्फी आणू नकोस, दुधाचे असे पदार्थ युरोपात बाहेरून आणता येत नाहीत, कस्टमवाल्यांनी बघितलं तर कचऱ्यात. इथल्या बिनमिठाच्या बटरचं तूप उत्तम होतं, २५० ग्रॅमची वडी येते, चार घे आणि कढव. दुबईवरून येणार असशील तर खसखस चुकूनही नको, तिथे बंदी आहे. गरम कपडे पुण्यात घेऊ नकोस, आपल्याकडचं जाकीट इथे नोव्हेंबरातच हात टेकतं. मुलीला गरजेपुरतं एक घे, बाकीची जानेवारीच्या सेलमध्ये. चष्मा असेल तर दोन करून आण. बास, सामानाचं खरं तर एवढंच आहे.

आता कागद. तुझ्या मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव आहे का ते आज, आत्ता, उठून बघ. माझी डिलिव्हरी माहेरी झाली आणि दाखल्यावर नावाची जागा कोरी, कारण नोंद झाली तेव्हा बारसं झालंच नव्हतं आणि नंतर कोणाच्या लक्षातच आलं नाही. पासपोर्टला तेव्हा कसंबसं निभावलं पण व्हिसाच्या वेळी अडलं. माझे वडील, तेव्हा ६८ वर्षांचे, नगरपालिकेत पाच खेपा घालून आले, साहेब रजेवर, मग रजिस्टर सापडत नाही, मग सापडलं तर नाव चढवताना इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं करून ठेवलं, की परत अर्ज. पंधरा वर्षांच्या आत नाव घालता येतं म्हणून नशीब असं तो क्लार्क वर सुनावतो. बाबा फोनवर कधी चिडले नाहीत, फक्त पाचव्या खेपेला म्हणाले, "बाळ जायलाच हवं का गं?" मी म्हटलं नेटवर्क जातंय.

एकटेपणाचं विचारलंयस. वाटतं. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, सगळ्यांनाच वाटतं. मराठी लोक भरपूर आहेत, गणपती-दिवाळी होते, एक-दोन मैत्रिणी मिळतात. पुढे.

मुलीच्या शाळेवर येते, खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसलेय. इथे चौथीनंतर मुलांची वाटणी होते. हुशार समजली जाणारी गिम्नाझियमला, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीकडे नेणाऱ्या शाळेला, मधली रेआलशूलंला, उरलेली हाउप्टशूलं किंवा वेर्करेआलशूलंला. चौथीच्या सहामाहीला शाळा शिफारस देते. माझा मुलगा आला तेव्हा साडेआठ वर्षांचा, जर्मनचा ज अक्षर येत नव्हता, भाषा न येणाऱ्या मुलांचा वेगळा वर्ग असतो त्यात काही महिने होता, मग नेहमीच्या वर्गात. पुण्यात गणितात कायम ए-वन, वीसपर्यंत पाढे पाठ, आणि इथे गणितात चार आले. तू मार्कांनी गोंधळू नकोस, इथे एक म्हणजे सर्वात चांगले आणि सहा म्हणजे सर्वात वाईट. गणित येत होतं गं त्याला, पण शाब्दिक उदाहरण वाचताच येत नव्हतं तर सोडवणार काय.

२०१८ च्या फेब्रुवारीत बाईंनी बोलावलं. पंधरा मिनिटं. नवऱ्याची मीटिंग होती, मी एकटी गेले, कारण घरात जर्मन शिकणारी मीच होते. बाई गोड होत्या, खरंच, त्यांनी मला आधी पाणी दिलं. म्हणाल्या तो फार शांत आहे, त्याला ताण नको, वेर्करेआलशूलं त्याच्यासाठी चांगली, पुढे मार्ग उघडे आहेत. मला निम्मं कळलं आणि निम्म्यावर मी "या, या" करत मान हलवली. मला वाटलं हा निकाल आहे. आपल्याकडे शाळेने सांगितलं की संपलं ना. तेव्हा आमच्या राज्यात, म्हणजे बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये, ती शिफारस पाळायची सक्तीच नव्हती, २०१२ पासून शेवटचा निर्णय आईबापांचा होता, हे मला दीड वर्षानंतर एका वाढदिवसाच्या पार्टीत दुसऱ्या मराठी बाईकडून कळलं. तिचा मुलगा आमच्यासारखाच नवखा, तिने शिफारस बाजूला ठेवून गिम्नाझियममध्ये नाव घातलं होतं. मी हातात केकची प्लेट घेऊन अच्छा अच्छा म्हणत राहिले.

आणि आता नियम परत बदललाय, म्हणून तुला घाई करतेय. २०२४ पासून चौथीच्या नोव्हेंबरात कॉम्पास फीअर नावाची परीक्षा असते, जर्मन आणि गणिताची, आणि गिम्नाझियमला जायचं तर शाळेचं मत नाहीतर ती परीक्षा, दोन्हीपैकी एक तरी तुमच्या बाजूने लागतं, नाहीतर अजून एक चाचणी द्यावी लागते. म्हणजे तुझ्या मुलीला जेमतेम सव्वा वर्ष. मिक्सर-कुकर नंतर बघ, तिचं जर्मन आजपासून सुरू कर. आणि बाईंना भेटायला जाताना नवऱ्याला रजा टाकायला लाव, भाषा नीट येणारं कोणीतरी सोबत ने, आणि न कळलेल्या गोष्टीवर मान हलवू नकोस.

आमच्याकडे निघायच्या आदल्या रात्री एका बॅगेचं वजन जास्त भरत होतं. सासरे काटा हातात धरून उभे, बॅग लटकतेय, मी एकेक वस्तू बाहेर काढतेय. शेवटी राहिली मुलाची फाइल, पहिली-दुसरीची प्रगतिपुस्तकं आणि गणिताच्या वह्या, आणि आईने दिलेला पितळी सोऱ्या. मी फाइल काढली. इथे शाळा वेगळी, ही कागदं कोण बघणार, असं मीच म्हणाले. ती अजून पुण्यात माळ्यावर आहे. फाइल असती तर फरक पडला असता का? बहुतेक नाही, बाईंनी कदाचित उघडलीही नसती. पण त्या पंधरा मिनिटांत टेबलावर ठेवायला माझ्याकडे काहीतरी असतं.

मुलगा आता अठराचा आहे, मेकाट्रॉनिक्सची आउसबिल्डुंग करतोय, म्हणजे कंपनीत काम शिकत शिकत शाळा, पगारासकट. खूश आहे, हात छान चालतो त्याचा. मी विषय काढला की म्हणतो "आई, पास्ट शोन", म्हणजे ठीक आहे गं, आणि हेडफोन लावतो. मग अडतंय कुठे, असं तू विचारशील. सासूबाईंना आम्ही अजून "डिप्लोमा करतोय" असंच सांगतो, तिथे अडतंय. त्याला हे माहीत आहे. तो फोनवर आजीशी बोलताना विषय बदलतो, आणि ते तो माझ्यासाठी करतो, हे मला जास्त लागतं.

असो, फार लिहिलं. मुलीची प्रगतिपुस्तकं, दाखला, लसीकरणाचं कार्ड असं सगळं एका फाइलमध्ये घालून हँडबॅगेत ठेव, चेक-इनमध्ये नको. वजन जास्त झालं तर सोऱ्या काढ. दिवाळीला माझा घेऊन जा, वर्षातून एकदाच लागतो.