तीन पार्ट बदलूनही दिवा परत लागला असेल, तर चौथा घेण्याआधी

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. वडिलांचं गॅरेज, तुम्ही आयटीआय करून त्यांच्या हाताखाली, तीन पार्ट बदलूनही एक गाडी चेक इंजिनचा दिवा घेऊन परत आलेली. गिऱ्हाईक मोबाईलवरचं एआयचं उत्तर पुढे करतंय. त्यात तुमचा प्रश्न, की एआयवाला स्कॅनर घ्यावा का आणि दहा वर्षांनी आपलं काम उरेल का. कोड वाचणं-पुसणं तुम्हाला येतंच, ते सोडतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे हेच झालं. पेट्रोल गाडी, आयडलला (रेस न देता नुसती चालू ठेवल्यावर) थरथरायची, कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. मी कोड आणि मॉडेल एआयला टाकलं. सुटसुटीत यादी आली: ऑक्सिजन सेन्सर, एअर-फ्लो सेन्सर, फ्युएल पंप, व्हॅक्यूम लीक (इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, चिरेतून जादा हवा शिरणं). त्याच क्रमाने मी बदलत गेलो. दर वेळी कोड पुसून गाडी दिली आणि चार दिवसांत दिवा परत. शेवटी आमच्या जुन्या मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून इनटेकच्या मागे हात घातला आणि पीसीव्हीचा (इंजिनातला गॅस परत इनटेकमध्ये नेणारा) रबरी पाइप मुठीत दाबून धरला. थरथर जागच्या जागी थांबली. पाइप वरून धड दिसत होता, खालच्या अंगाने बोटभर चिरलेला. ऑक्सिजन सेन्सर खरंच सांगत होता की हवा जास्त येतेय, आणि मी आधी त्यालाच काढला. तिन्ही पार्टांचे पैसे परत केले, तरी ते गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच.

दोष एआयला देत नाही, लीक त्याच्या यादीत होतं. चूक माझी. स्कॅनरमध्ये रेकॉर्डिंग पडून होतं आणि मी ते उघडलंच नाही: लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) आयडलला +२२, २५०० आरपीएमला +४. रेस दिल्यावर ट्रिम उतरतो म्हणजे बाहेरून हवा शिरतेय. उलट चढत गेला असता तर पंप-फिल्टर बघायचे. हे एअर-फ्लो सेन्सरवाल्या गाडीचं हं, मॅप सेन्सरवाल्या (हवेऐवजी इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत चित्र वेगळं असतं, तिथे डोळे झाकून लावू नका. नंतर हेच दोन आकडे एआयला दिले, तर त्याने व्हॅक्यूम लीक पहिल्या नंबरला आणलं. म्हणजे विचारायचं काय हे कळणाऱ्याला ते उपयोगी आहे. पाइप दाबून बघायला हात आपलाच लागतो.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: 'एआय' लिहिलेल्या स्कॅनरला जादा पैसे देऊ नका. लाइव्ह डेटाचा (चालू इंजिनाच्या सेन्सरांच्या आकड्यांचा) ग्राफ नीट दाखवणारा साधा स्कॅनर आणि एक स्मोक मशीन घ्या. धूर सोडला की चीर पाच मिनिटांत सापडते.

मला खरी भीती वेगळीच आहे. त्याच गाडीसाठी मी एका अधिकृत वर्कशॉपमध्ये व्हॅक्यूम पाइपांचं डायग्राम मागायला तीनदा गेलो. तिन्ही वेळा काउंटरवर एकच उत्तर, "गाडी इकडे आणा, बाहेरच्यांना माहिती देत नाही." २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, त्यात बाहेरच्या गॅरेजला स्पेअर आणि डायग्नोस्टिक टूल मिळत नाहीत हा मोठा मुद्दा होता. कागदावर एवढं होऊनही मी काउंटरवरून हात हलवत परत आलो. उद्या गाडी स्वतःच आपला बिघाड थेट कंपनीच्या सर्व्हरला कळवणार आणि गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर त्यांच्याच वर्कशॉपची वेळ येणार. आपलं काम गेलं तर या वाटेने जाईल. बिघाडाचं अचूक निदान करणारं एआय आपल्यालाही वापरता येतं, पण डेटाच दिला नाही तर काय वापरणार?

इलेक्ट्रिक गाड्यांवर मी अजून हात बसवलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल एवढंच सांगतो: केशरी (हाय व्होल्टेजच्या) केबलला रीतसर ट्रेनिंग घेतल्याशिवाय हात लावू नका, वडिलांनाही लावू देऊ नका. आणि काच बदलायला आलेल्या गाडीत आरशामागे कॅमेरा असेल, तर कॅलिब्रेशन (त्या कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवणं) कोण करणार हे काच काढायच्या आधी ठरवा.

तुमच्या त्या गाडीचा चौथा पार्ट आता थांबवा. इंजिन गरम करून आयडलचा आणि २५०० आरपीएमचा ट्रिम इथे लिहा, सेन्सर एअर-फ्लो की मॅप तेही लिहा. रात्री गॅरेज बंद केल्यावर बघतो.