वाचकांचे प्रश्न : रत्नागिरीपर्यंतची वाट आणि दुसरी तारीख

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या पालक समितीचा सदस्य आहे. शाळेत 140 मुले आहेत. नववीतील एक मुलगा गणपतीनंतर शाळेत येईनासा झाला. आईवडील मुंबईस असल्याने तो आजीजवळ राहतो. रात्री झोपत नाही, जेवणाच्या ताटावरून उठतो, कोणाशी बोलत नाही. आजीने देवळात कौल लावला, पुढे वर्गशिक्षकांच्या सांगण्यावरून त्याला तालुक्याला आणि तेथून चिठ्ठी घेऊन रत्नागिरीला नेले. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले होते. दुसऱ्या तारखेला मात्र कोणी गेले नाही. आता आम्ही ग्रामसभेत शाळेसाठी समुपदेशकाची मागणी करणार आहोत. अर्जात नेमके काय लिहावे?

उत्तर : आपली मागणी रास्त आहे, परंतु या मुलाची गोष्ट आपण सांगितली आहे तशीच पुन्हा वाचून पाहावी. शिक्षकांनी ओळखले, आजीने नेले, डॉक्टरांनी तपासले; सुटली ती दुसरी तारीख. मी एकदा अशाच एका घरी गेलो असता पुढच्या भेटीची चिठ्ठी देव्हाऱ्यातील हळदीकुंकवाच्या डब्याखाली चार घड्या घालून जपून ठेवलेली पाहिली. निष्काळजीपणा म्हणावा असे तेथे काही नव्हते. पहाटेची एसटी, राजापूरला गाडी बदलणे आणि दिवसाची बुडालेली मजुरी यांपुढे ती चिठ्ठी हरली होती, एवढेच.

म्हणून समुपदेशकाच्या मागणीआधी, निदान तिच्या बरोबरीने, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातील एक ठरलेला दिवस मागावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात राबविला जातो आणि जिल्ह्याच्या पथकाने तालुक्यापर्यंत जाऊन रुग्ण तपासावेत हे त्याच्या आखणीतच आहे. अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे करावा व त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी. दिवस शनिवार असावा, असे माझे मत आहे, कारण त्या दिवशी शाळा सकाळची असते आणि मुलाला दुपारी नेले तर वर्गात कोणी चौकशी करीत नाही. ‘आवश्यकतेनुसार शिबिर घ्यावे’ असे मोघम वाक्य मात्र लिहू नये. त्यातून एक फलक, एक सत्कार आणि एक छायाचित्र यापलीकडे फारसे काही निघत नाही. तपासणीची खोली कोठे असावी, हेही लिहावे. एका ठिकाणी किशोरवयीन मुलांसाठीच्या मैत्री क्लिनिकचे दार बाह्यरुग्ण विभागाच्या बाकासमोरच उघडत असे आणि त्या बाकावर अर्धा गाव बसलेला असे. अशा दारातून पंधरा वर्षांची मुलगी आत जाईल, ही अपेक्षाच चुकीची होती.

समुपदेशकाच्या मागणीला मात्र आता भक्कम आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावयाचा आहे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावयाचे आहे. आपल्या शाळेचा पट 140 असल्याने ही सूचना आपल्याला थेट लागू पडते. शेजारच्या वाड्यांतील कमी पटाच्या शाळांनाही या अर्जात सामावून घेतले, तर एकच समुपदेशक आठवड्यातील वार वाटून तीनचार शाळा सांभाळू शकेल. तोवर आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना ‘आरोग्य व कल्याण दूत’ म्हणून प्रशिक्षण देण्याची जी तरतूद आहे, तिचे आपल्या शाळेत काय झाले, हे मुख्याध्यापकांना जरूर विचारावे.

दुसरी तारीख पाळली जावी यासाठी गावातील एक माणूस ठरवावा लागेल. आशाताई घरोघरी जातातच. भेटीच्या आदल्या दिवशी त्यांनी आजीला आठवण करावी, आणि प्रवासखर्चाचा प्रश्न असेल तेथे मुंबईच्या ग्राममंडळाने हात द्यावा. सभामंडपासाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळाला चार मुलांचे एसटीभाडे जड जाऊ नये.

कौलाविषयी थोडेसे. आजीला त्यातून धीर मिळाला असेल तर तो काढून घेण्यात शहाणपण नाही. कौल आणि औषध दोन्ही चालू राहू शकतात. परंतु बाधा उतरवण्याच्या नावाखाली कोणी मुलाला मारहाण केली किंवा मिरचीची धुरी दिली, तर तो महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, हे गावाला स्पष्ट सांगावे.

आणि या मुलासाठी अर्जाच्या निर्णयाची वाट पाहू नये. तारीख हुकली म्हणून डॉक्टर परत पाठवतील ही भीती मनातून काढून येत्या आठवड्यात त्याला पुन्हा न्यावे, शक्य असल्यास वडिलांनी रजा काढून सोबत जावे. तो मरणाची भाषा करू लागला, तर त्याच दिवशी न्यावे आणि तोवर त्याला एकटे सोडू नये.

प्रश्न : माझी नात बारावीला आहे. डॉक्टरांकडे नेले तर तिला रुग्णालयात ठेवून घेतील आणि गावात बोभाटा होईल, असे तिच्या आईला वाटते. (एक आजी, गुहागर तालुका)

उत्तर : ठेवून घेण्याची वेळ फार थोड्या मुलांवर येते. बहुतेकांना तपासून, बोलून, गरज पडल्यास औषध देऊन घरी पाठवितात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करावे लागलेच, तर प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि घरचे माणूस किंवा नेमलेला सोबती पूर्ण काळ जवळ असावा लागतो. मुलीजवळ सोबतीण स्त्रीच असते. आपण तिच्या आईला हे समजावून सांगा. तोवर नातीला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक द्यावा. तेथे चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. फोन तिला एकटीला करू द्यावा. आपण त्या वेळी पडवीत बसावे.