तेलाची वाटी

वसईहून एका ताईंचं पत्र आलंय. त्या लिहितात: "माझं वय 61. पहाटे साडेचारला उठून सुनेचा डबा करते. तिची लोकल चुकू नये म्हणून तिला भांड्याला हातसुद्धा लावू देत नाही. चार वर्षांत एक वाकडा शब्द बोलले नाही. प्रभू येशूसारखं नम्र राहावं, धीर धरावा, हेच लहानपणापासून शिकले. पण ती घरात पाहुण्यासारखी वावरते. मागे माझा गुडघा सुजला तेव्हा तेल गरम करून आणलं होतं तिने, मी म्हटलं राहू दे, माझं मी करते. मला तिच्याकडून काही नको, दोन गोड शब्द हवेत. अजून किती धीर धरू?"

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं. त्यात तेलाच्या वाटीला एक ओळ. मी त्या ओळीपाशीच अडकले आहे.

ती मुलगी वाटी घेऊन तुमच्यासमोर किती वेळ उभी होती? दिवसभराचं काम, लोकलची गर्दी, घरी येऊन तिने गॅस पेटवला, तेल कोमट केलं. आणि तुम्ही तिला परत पाठवलंत. तुम्हाला हवे असलेले दोन गोड शब्द त्या वाटीतच होते हो!

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी आपल्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे धुतले तसे. पूर्वी तिथे पुरुषच बसायचे. पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली नियम बदलला आणि बायकांनाही बसता येऊ लागलं. एका वर्षी मला बोलावलं. त्या दुपारी मी दगडाने टाचा घासघासून लाल केल्या, फादरना धुवायला काही उरू नये म्हणून. तरी ते खाली वाकले तेव्हा पाय मागे ओढून घ्यावासा वाटला. वाकणं मला कधीच जड गेलं नव्हतं. बसून राहणं जड गेलं.

योहानाच्या शुभवर्तमानातला, 13व्या अध्यायातला तो पाय धुण्याचा प्रसंग ऐकताना आपण मनाने नेहमी प्रभूच्या जागी असतो, कमरेला रुमाल बांधून. पेत्र या शिष्याच्या जागी कोण बसतं? माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, म्हणतो तो. ऐकायला किती नम्र! प्रभूने मात्र त्याला सरळ सांगितलं, मला धुऊ दिलं नाहीस तर माझ्याबरोबर तुझा वाटा नाही. पेत्राच्या त्या वाक्यात आणि तुमच्या 'माझं मी करते'मध्ये मला काही फरक दिसत नाही. देणाऱ्याचा हात कायम वर राहतो. चार वर्षं तुमचाच हात वर आहे. जिला भांड्याला हात लावायची मुभा नाही, ती पाहुणी होईल नाहीतर काय?

धीराचं म्हणाल तर तुमचा धीर मला हिशेबाच्या वहीसारखा वाटला. साडेचार वाजता, चार वर्षं, एकही वाकडा शब्द नाही. सगळं मोजून ठेवलंय. हे वाचताना मला तुमचा राग आला आणि वाईटही वाटलं, कारण इतकं करून तुम्ही एकट्याच राहिलात. गुडघा अजून दुखत असणार, त्याबद्दल तुम्ही पुढे एक अक्षर लिहिलेलं नाही.

आज संध्याकाळी ती घरी आली की तिचा चहा होऊ द्या. मग तिला जवळ बोलवा आणि म्हणा, "बाळा, गुडघा फार ठणकतोय गं. त्या दिवशीसारखं तेल आणतेस?" तेव्हा नको म्हटल्याची सफाई देऊ नका, पत्रातलं एकही गाऱ्हाणं काढू नका. पाय पुढे करा. तेल जास्त गरम असेल, दोन थेंब चादरीवर सांडतील, ती चोळेल तेही तुमच्या पद्धतीने नसेल. धीर तिथे धरा. आणि झाल्यावर ती वाटी विसळायला तुम्ही उठू नका.

— तुमची मावशी