श्रीमंतीची दुसरी वही

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ४४. वर्तकनगरला स्वतःचा फ्लॅट, गाडी, ठेवी, हातात महिना ८५ हजार. नोकरी लोअर परळला. कागदावर सगळं आहे, तरी आपल्याकडे काहीच नाही असं वाटतं. हे नुसतं थकणं की आणखी काही?
– एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : आधी आकडा नीट काढू. ऑफिसचे साडेनऊ तास, २२ दिवस, म्हणजे २०९ तास. त्या हिशेबाने तासाला ४०७ रुपये. पण घरून रिक्षा, ठाणे-दादर लोकल, मग पूल चढून पश्चिम रेल्वे, असं दाराबाहेर पडल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत एक तास पन्नास मिनिटं धरली, तर जाऊन-येऊन महिन्याचे आणखी ८१ तास जातात. संध्याकाळी घरी घेतलेले फोन म्हणून १० तास धरा. झाले ३००. आता नोकरी नसती तर झाला नसता असा खर्च वजा करा : पास, रिक्षा, बाहेरचं खाणं, वेळ नाही म्हणून लावलेली पोळ्यांची बाई. तो १० हजार धरला तर उरले ७५ हजार. तासाला २५०. खरा भाव हा. १२ हजारांचा नवा फोन घेताना तो ४८ तासांना पडतो, हे लक्षात ठेवलं की बऱ्याच खरेद्या आपोआप पुढे ढकलल्या जातात.

मग दुसरी वही. आठवड्याचे १६८ तास सगळ्यांना सारखेच. त्यातले झोपेचे ४९, नोकरी आणि प्रवासाचे साधारण ६८, आंघोळ-जेवण-घरकामाचे २१. उरतात ३०. सात दिवस दर अर्ध्या तासाची नोंद करा आणि ते ३० कुठे जातात बघा. नोंद दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना अशी तीनदा करायची. रात्री एकदमच आठवून लिहिलं तर मोबाइलचा वेळ हमखास निम्मा लिहिला जातो. गणपतीचा किंवा दिवाळीचा आठवडा घेऊ नका, तो कुणाचाच नेहमीसारखा नसतो. ज्या अर्ध्या तासात घाई नव्हती त्यावर खूण करा. तुमची श्रीमंती त्या खुणांमध्ये आहे, आणि पहिल्या आठवड्यात त्या चार-पाचच निघाल्या तरी घाबरून जाऊ नका.

वाढवायच्या कशा? आठवड्यातला एक दिवस घरून काम मिळालं तर महिन्याचे १६ तास परत येतात, तुमच्याच भावाने ४ हजारांचे. त्यासाठी एखादा भत्ता सोडावा लागला तरी सौदा बुडीत नाही. मात्र ते तास त्याच दिवशी कशाला तरी बांधून टाका, सकाळी उपवन तलावाला चक्कर म्हणा किंवा मुलीचा अभ्यास. मोकळे सोडले की ऑफिसच ते गिळतं.

प्रश्न : वय २६, पगार ३१ हजार, कोपरखैरणेत भाड्याने राहतो. ‘पैसा म्हणजे सर्वस्व नाही’ हे पोट भरलेल्यांचं बोलणं वाटतं. चुकतंय का?

उत्तर : फारसं नाही. ठरावीक पातळीखाली पैसा हाच खरा प्रश्न असतो. आधी तीन गोष्टी : सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, कंपनीच्या विम्यावर न विसंबता स्वतःचा आरोग्य विमा, आणि क्रेडिट कार्डावर शून्य बाकी. ‘किमान रक्कम’ भरून उरलेलं पुढे ढकललं की व्याज वर्षाला ३६ ते ४५ टक्क्यांच्या घरात जातं. एवढं झालं की वरच्या उत्तरातली वही उघडा.

प्रश्न : येत्या मार्चमध्ये ५८ पूर्ण होऊन निवृत्त होतोय. नेरुळला घर, पेन्शन पुरेशी. फोनमध्ये हजारावर नंबर आहेत, पण खुर्ची गेली की यातले किती राहतील ही धास्ती आहे.

उत्तर : धास्ती रास्त आहे, आणि ती मोजता येते. गेल्या वर्षभरात काम नसताना ज्यांच्याशी बोललात तेवढीच नावं कागदावर घ्या. सकाळच्या शुभेच्छांचे फॉरवर्ड धरायचे नाहीत. मग तीन रकाने करा. घराची दुसरी किल्ली ज्याच्याकडे निर्धास्त ठेवाल तो पहिल्यात. रात्री दवाखान्यात सोबत बसेल तो दुसऱ्यात. नुसता चहापुरता तो तिसऱ्यात. पहिल्या रकान्यात दोन नावं असली तर उत्तम. एकही नसलं तर मार्चची वाट न बघता आत्ताच लागा.

निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात योगवर्ग, भजनी मंडळ, ट्रेकचा ग्रुप, सगळीकडे नाव घातलं जातं आणि पावसाळा येईतो सगळं सुटतं. त्यापेक्षा एकच जागा, एकच वार, एकच वेळ, आणि त्यात आपल्याकडे एखादं बारीकसं काम. विरंगुळा केंद्रातली पेपरांची चळत लावणं किंवा सोसायटीच्या टाक्या धुण्याची तारीख सांभाळणं, काहीही चालेल. काम असलं की न गेल्यावर कुणीतरी विचारतं. आणि मागायला शिका. नुसते देत राहणारे साहेबच राहतात. शेजाऱ्याकडे स्टूल मागितलं की जवळीक होते.

शरीराचीही एक मोजणी करा. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे धरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ जमले नाहीत तर ते कमी समजतात, म्हणजे तुम्हाला त्याहून जास्तच यायला हवेत. मांडीवर हात रेटला तर त्या वेळी मोजणं बंद. चक्कर आली किंवा गुडघा दुखला तर तिथेच थांबा.

प्रश्न : सासूबाई ८१ वर्षांच्या. त्यांचा गोडा मसाला घरात कुणालाच जमत नाही. विचारलं तर ‘अंदाजाने घालायचं गं’. दागिन्यांची वाटणी झाली, हे मात्र राहून जाईल.
– नौपाडा

उत्तर : त्यांना प्रमाण विचारू नका, त्या सांगू शकणार नाहीत. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणा. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, लवंग, जे काही लागतं त्याचा प्रत्येक डबा आधी तोलून ठेवा. मग आईंना नेहमीसारखं हाताने घेऊ द्या, मध्ये बोलू नका. झाल्यावर डबे पुन्हा तोला. जो फरक तो त्यांचा अंदाज. लवंग-दालचिनीसारख्या हलक्या जिनसांना दागिन्यांचा छोटा काटा बरा.

प्रमाणापेक्षा भाजणं अवघड. कुठला जिन्नस कोरडा, कुठला थेंबभर तेलावर, कुठल्या क्रमाने, हे लिहा. दगडफूल नाजूक, क्षणभर जास्त झालं की करपतं आणि अख्खा मसाला कडवट होतो. खोबरं मंद आचेवरच. आई कढई केव्हा उतरवतात ते फोनवर चित्रित करा, आणि तेव्हा वास कसा येतो ते त्यांच्याच शब्दांत टिपा, कारण व्हिडिओत वास येत नाही. सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावू नका. वाफ राहिली की गुठळ्या होतात, पुढे बुरशी. तीळ-खोबऱ्याचं तेल खवट होतं म्हणून खेप लहान करा आणि बरणीवर तारीख घाला.

दुसरी खेप तुम्ही करा, त्यांनी नुसतं बसायचं. दळण्याआधी भाजलेला जिन्नस त्यांच्या तळहातावर ठेवा. नाक मुरडलं तर कशावर, तेही वहीत.