भिंगाची दुर्बीण आणि आरशाची दुर्बीण यांच्यात प्रकाश गोळा करण्याच्या बाबतीत नेमका फरक काय?

काम दोन्हींचं एकच: जास्तीत जास्त प्रकाश पकडून तो नाभीत, म्हणजे एका बिंदूत, एकवटणं. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटरचं भिंग तिच्या १०० पट प्रकाश गोळा करतं. 'किती पट मोठं दिसतं?' हा प्रश्न त्यानंतरचा.

भिंग प्रकाशाला वळवतं, पण निळ्याला जास्त, तांबड्याला कमी. त्यामुळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी एकवटतात आणि तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळट कड दिसते. दोन प्रकारच्या काचांची भिंगं जोडून हा दोष बराच आटोक्यात येतो. खरी अडचण वजनाची. मधून प्रकाश जायचा, म्हणजे भिंगाला आधार फक्त कडेने. फार मोठं केलं की ते स्वतःच्याच भाराने किंचित वाकतं. १८९७ मधल्या यर्किस वेधशाळेच्या सुमारे १ मीटरच्या भिंगानंतर ही शर्यत जवळपास थांबलीच.

आरशाला या दोन्ही कटकटी नाहीत. सगळे रंग सारखेच परावर्तित होतात आणि पाठीमागून हवा तेवढा आधार देता येतो. शिवाय तुकडे जोडता येतात: केक दुर्बिणीचा १० मीटरचा आरसा ३६ षटकोनी तुकड्यांचा आहे.

क्ष-किरणांची गंमत (माझ्या मते सगळ्यात भारी) वेगळीच. ते आरशावर सरळ आदळले तर शोषले जातात. म्हणून चंद्रा या अवकाश दुर्बिणीत आरसे नळकांड्यांसारखे एकात एक बसवलेत. पाण्यावर तिरपा फेकलेला चपटा दगड उसळावा, तसे किरण त्यांना घासून पुढे जातात.